पिठूळ बर्फ आणि रुंद स्की
(आकाशवाणीच्या नाशिक केंद्रावरील भाषणाचा संपादित भाग)

नाशिककर माणसाने स्कीइंगवर बोलावे हे ऐकूनच काही जणांना हसू येईल. आपल्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकायचा, नाही तर गोळेवाल्याने रंध्यावर किसायचा. थंडी पडली तर निफाडचा पारा उतरतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसतात. पण गंमत अशी, की निफाडला हुडहुडी भरवणारी थंडी आणि काश्मीरमध्ये पडणारा बर्फ यांचे नाते अगदी जवळचे आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने हिवाळ्यात जे पश्चिमी झंझावात येतात, ते काश्मीरच्या डोंगरांवर बर्फ टाकतात आणि ते पुढे सरकले की उत्तरेकडचे कोरडे गार वारे खाली आपल्यापर्यंत पोहोचतात. निफाडला द्राक्षमण्यांना तडे जाण्याची भीती असते, त्याच्या एक-दोन दिवस आधी गुलमर्गला बहुधा कुणी तरी नव्या बर्फाकडे पाहून हात चोळत असतो.

माझी भाची पुण्याला नोकरी करते. गेल्या दोन हिवाळ्यांत तिने गुलमर्गला स्कीइंगचे धडे घेतले. आता ती येत्या जानेवारीत पुन्हा जाणार आहे आणि या वेळी तिला स्वतःची स्की विकत घ्यायची आहे. तिने मला फोन केला, "मामा, मी १३० मिलिमीटरची घेऊ का? पावडरमध्ये तीच लागते म्हणतात." मी तिला लगेच उत्तर दिले नाही. कारण याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर मला माझ्या डाव्या गुडघ्याने दिलेले आहे. ती हकीकत पुढे सांगतोच. आधी हा पावडर बर्फ म्हणजे काय, ते पाहू.

मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. गोळ्यातलाही बर्फ आणि आकाशातून पडतो तोही बर्फ. हिम हा शब्द आपण हिमालयापुरता आणि कवितेपुरता राखून ठेवला. पण ताजा, कोरडा, कडाक्याच्या थंडीत पडलेला हिम ही फार वेगळी वस्तू आहे. जात्यातून नुकतेच पडलेले पीठ परातीत जसे फुगून बसते, तसा तो डोंगरावर बसतो. मूठ भरून दाबला तर त्याचा गोळासुद्धा होत नाही, फुंकर मारली की उडतो. म्हणून मी त्याला पिठूळ बर्फ म्हणतो. एक घनमीटर पाण्याचे वजन हजार किलो. तेवढ्याच पिठूळ बर्फाचे वजन साधारण ५० ते १०० किलो. म्हणजे त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त नुसती हवा! अशा वस्तूवर ऐंशी किलोचा माणूस उभा राहायचे म्हणतो, तेव्हा काय होणार हे सांगायला नको.

आकडे मांडून पाहू. बूट घातलेल्या एका पायाचा तळवा साधारण ३०० चौरस सेंटिमीटर. चालताना एका पायावर भार आला, की दर चौरस सेंटिमीटरला अडीचशे ग्रॅमहून अधिक दाब. माणूस मांडीपर्यंत आत जातो. तोच माणूस नेहमीच्या, घट्ट दाबलेल्या उतारावर वापरायच्या अरुंद स्कीवर उभा राहिला, तर दोन्ही पट्ट्यांचे मिळून क्षेत्रफळ अडीच हजार चौरस सेंटिमीटरच्या घरात जाते आणि दाब ३० ग्रॅमच्या आसपास उतरतो. रुंद स्की घेतली तर क्षेत्रफळ चार हजारांच्या पुढे आणि दाब १८-२० ग्रॅम. त्र्यंबक-इगतपुरीकडे भाताच्या खाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची रुंद चाके लावतात, केजव्हील म्हणतात त्यांना. उंटाचे पाऊल वाळूवर पसरते. हिशेब सगळीकडे तोच आहे. जमीन मऊ असली तर पाऊल मोठे करा.

पण नुसते उभे राहण्यासाठी कुणी स्की बांधत नाही. स्की पळते, आणि पळू लागली की दुसरीच गंमत सुरू होते. लहानपणी आपण गोदावरीच्या पात्रात चपट्या खापऱ्या भिरकावून पाण्यावर भाकऱ्या काढायचो. खापरी पाण्याहून जड, तरी ती टप्पे घेत पलीकडे जाते. वेग आणि चपटा तळ एकत्र आले की पाणी तिला वर ढकलते. गोल गोटा टाकला तर मात्र डुबुक. पिठूळ बर्फातही नेमके तसेच घडते. स्कीचे पुढचे टोक किंचित वर उचललेले असेल, तळ रुंद असेल आणि वेग असेल, तर स्की बर्फात घुसण्याऐवजी त्याच्यावर तरंगत जाते. वेग कमी झाला की ती हळूहळू खाली बसते. म्हणूनच खोल बर्फात नवशिक्या माणूस घाबरून वेग कमी करतो आणि तिथेच रुततो.

रुंद स्की ही काही नवी युक्ती नाही. मध्य आशियातल्या अल्ताई पर्वतातले लोक पिढ्यानपिढ्या रुंद लाकडी फळ्यांना घोड्याचे कातडे लावून खोल बर्फात शिकारीला जात आले आहेत. कातड्यावरचे केस मागच्या दिशेने असतात, त्यामुळे फळी पुढे घसरते पण चढावर मागे सरकत नाही. युरोपात मात्र पुढे स्कीइंग हा शर्यतीचा आणि सहलीचा खेळ झाला, यंत्राने दाबून घट्ट केलेले उतार आले आणि स्की लांब व अरुंद राहिली. खोल बर्फात उतरणे हे वर्षानुवर्षे मेहनत केलेल्या मोजक्या लोकांचे काम उरले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातल्या अ‍ॅटॉमिक कंपनीच्या रूपर्ट हुबर यांनी एक स्नोबोर्ड उभा चिरून त्याच्या दोन स्की केल्या, असे सांगतात. त्यातून जी रुंद स्की बाजारात आली तिला लोक चेष्टेने जाडी म्हणायचे आणि वयस्कर, थकलेल्या पायांसाठीची काठी समजायचे.

ही चेष्टा थांबवली शेन मॅकॉन्की या अवलियाने. त्याने एक साधा प्रश्न विचारला. पिठूळ बर्फ जर पाण्यासारखा वागतो, तर आपण पाण्यावरची स्की का वापरत नाही? आणि अलास्कात त्याने खरोखरच पाण्यावरच्या स्कीला बर्फाचे बूट अडकवून उतार उतरून दाखवला! त्याच्या कल्पनेतून व्होलंट कंपनीने २००२ साली जी स्की काढली तिचे नाव स्पॅट्युला. म्हणजे आपले उलथने. पायाखाली ती तब्बल १२५ मिलिमीटर रुंद होती आणि दोन्ही टोकांकडे निमुळती, म्हणजे तोपर्यंतच्या सगळ्या स्कींच्या अगदी उलट. शिवाय दोन्ही टोके होडीसारखी वर वळलेली. लोकांना वाटले हा वेडा झाला. आज खोल बर्फाची जवळजवळ प्रत्येक स्की त्या उलथन्याचे काही ना काही देणे लागते. मॅकॉन्की २००९ साली इटलीच्या डोलोमाइट पर्वतात स्की करत कड्यावरून झेप घेताना अपघातात गेला.

आता स्कीवरचे आकडे कसे वाचायचे, ते सांगतो. दुकानात स्की हातात घेतली, की तिच्यावर तीन आकडे एकापुढे एक छापलेले दिसतात. समजा १४०, ११५, १३०. पहिला टोकाचा, दुसरा कमरेचा, तिसरा शेपटीचा, सगळे मिलिमीटरमध्ये. कंबर म्हणजे बुटाखालचा भाग. रुंद स्की, अरुंद स्की असे आपण म्हणतो, तेव्हा या कमरेबद्दल बोलत असतो. ढोबळमानाने, दाबलेल्या उतारासाठी ६५ ते ८०, सगळीकडे थोडी थोडी चालणारी ८५ ते १००, पिठूळ बर्फासाठी १०५ ते १२०, आणि त्यापुढे १३०-१४० पर्यंतची अतिरुंद. भाचीची नजर नेमकी या शेवटच्या गटावर होती.

कमरेच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो स्कीचा बाक, पण तो छापलेला नसतो. स्की सपाट फरशीवर ठेवा आणि बाजूने खाली वाकून बघा. मध्यभाग कमानीसारखा उचललेला असेल, तर ती स्की कडक बर्फावर दोन्ही टोकांनी घट्ट पकड घेईल. टोके होडीच्या नाळीसारखी आधीच वर उचललेली असतील, तर ती पिठूळ बर्फात तरंगेल आणि सहज वळेल. हल्ली बहुतेक स्कींमध्ये पायाखाली कमान आणि टोकांना उचल असा समेट असतो. हा समेटच आपल्यासारख्यांना बरा. जुन्या अरुंद स्कीवर खोल बर्फात टोक वर राहावे म्हणून मागे रेलून उभे राहायला शिकवत, आणि अर्ध्या तासात मांड्या पेटायच्या. टोक मुळातच वर असले की माणसाला सरळ, मधोमध उभे राहता येते. मला विचाराल तर, उचललेल्या टोकाची १०५ मिलिमीटरची स्की ही टोक न उचललेल्या ११५ पेक्षा खोल बर्फात बरी.

मग सरळ सगळ्यात रुंद घेतली तर बिघडले कुठे? इथेच माणूस फसतो. स्कीच्या बुटाचा तळ साधारण सात सेंटिमीटर रुंद असतो. अरुंद स्कीची धार बुटाच्या कडेखालीच येते. कडक उतारावर वळताना स्की कुशीवर करावी लागते, तेव्हा धारेवरचा सगळा जोर थेट पायात जातो. स्की १२० मिलिमीटरची असली, तर धार बुटाच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटर बाहेर असते. आता प्रत्येक वळणाला ती धार तरफेसारखी घोट्याला आणि गुडघ्याला पिळते. वळण उशिरा सुरू होते, एका धारेवरून दुसऱ्या धारेवर जायला जास्त वेळ लागतो. कडक बर्फावर रुंद स्कीने गुडघ्यावर अधिक ताण येतो, हे अभ्यासकांनी मोजूनही पाहिले आहे. आणि खरी गोम अशी, की पिठूळ बर्फाच्या सहलीतही निम्मा वेळ आपण पिठूळ बर्फावर नसतोच. गोंडोलाच्या स्थानकाकडे परतणारी वाट शंभर जणांनी घासून काचेसारखी केलेली असते.

आता माझी हकीकत. २००५ साली गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा सुरू झाला. कोंगडोरीहून अफरवटच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर, पाळण्यातून जाता येऊ लागले. पुढच्याच हिवाळ्यात मी तिथे होतो. वय अडतीस, दोन शिबिरे झालेली, त्यामुळे अंगात थोडी मस्तीही. रात्री गुडघाभर बर्फ पडला होता. भाड्याने स्की देणाऱ्या एका दुकानात मी रुंद जोडी मागितली. तो म्हणाला, सगळ्या सारख्याच असतात साहेब. आणि एक जुनी, अरुंद, पाठीला सरळ फळीसारखी जोडी त्याने हातात ठेवली. मलाही कुठे फार कळत होते? घेतली.

वर गेलो. तिसऱ्या वळणाला उजवे टोक खाली गेले आणि वर आलेच नाही. मी पुढे फेकला गेलो, डावा पाय मागे अडकला. बाइंडिंग सुटायला हवी होती, ती सुटली नाही. कारण दुकानदाराने ती माझ्या वजनाप्रमाणे लावलीच नव्हती आणि मी तपासली नव्हती. उजवी स्की मात्र निघाली, ती बर्फाच्या पोटात गडप. तासभर आम्ही दोघे काठ्यांनी बर्फ भोसकत ती शोधत होतो. मी कमरेपर्यंत रुतलेलो, गुडघा सुजत चाललेला. आमचे काश्मिरी प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "आप का नसीब अच्छा है, ढलान छोटी थी." त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. मला वाटले ते पडण्याबद्दल बोलत आहेत.

ते हिमप्रपाताबद्दल बोलत होते. साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार, त्यावर नवा जड थर, वाऱ्याने एका बाजूला आणून टाकलेला बर्फ, आणि वरून एका माणसाचे वजन. एवढे पुरते. २०१० च्या फेब्रुवारीत गुलमर्गजवळ खिलनमर्गला सैन्याच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणार्थींवर प्रपात कोसळला आणि डझनाहून अधिक जवान गेले. ती माणसे काही हौशी नव्हती. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन. गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावरून जे उतार दिसतात, त्यांतला फार मोठा भाग उघडा डोंगर आहे. तिथली स्की पेट्रोल रोज परिस्थिती पाहून कोणता भाग उघडायचा, कोणता बंद ठेवायचा ते ठरवते. तिचा फलक न वाचता पाळण्यात बसणे म्हणजे गोदावरीला पूर आलेला असताना मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आहे हे न बघता पात्रात उतरणे.

रुंद स्कीबद्दल माझी खरी तक्रार इथे आहे. पूर्वी खोल बर्फात उतरता येईपर्यंत माणसाचे पाच-सात हिवाळे जायचे. त्या काळात तो नुसते वळायला शिकत नव्हता. वारा कुठून आला, कालचा थर कसा बसला, कुठल्या कड्यावर छज्जा लोंबतोय, हेही नकळत शिकायचा. रुंद स्कीने पायांचे शिक्षण पाच वर्षांवरून पाच दिवसांवर आणले. डोळ्यांचे शिक्षण मात्र तितकेच लांब राहिले. म्हणजे आज माणूस अशा उतारावर सहज पोहोचतो, जिथे कालपर्यंत तो पोहोचूच शकला नसता, आणि तिथे काय बघायचे हे त्याला ठाऊक नसते.

म्हणून भाचीला मी आधी स्कीबद्दल काहीच सांगितले नाही. आधी विचारले, बीकन आहे का? बीकन म्हणजे अंगावर बांधायचे छोटे यंत्र. ४५७ किलोहर्ट्‌झवर ते सतत संदेश सोडत राहते, आणि माणूस गाडला गेला तर सोबत्यांना त्यांच्या बीकनवरून त्याची जागा शोधता येते. त्याच्याबरोबर घडीची लांब सळई आणि फावडे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर माणूस वाचण्याची शक्यता चांगली, त्यानंतर ती झपाट्याने कोसळते. बाहेरून मदत येईपर्यंत तेवढा वेळ नसतो. सोबत्यांनीच काढायचे असते. त्यामुळे हे सामान प्रत्येकाकडे हवे आणि वापरायचा सराव सगळ्यांना हवा. एकट्याकडे असून काही उपयोग नाही.

त्यानंतर स्की. भाचीचे वजन पंचावन्न किलो. बर्फाला उंची कळत नाही, वजन कळते. पंचावन्न किलोला १३० मिलिमीटरची कंबर म्हणजे लहान मुलाला थोरल्या भावाची चप्पल. तरंगेल खूप, पण वळवताना दमछाक. तिला १०० ते १०८ पुरे, टोक चांगले उचललेले आणि शेपूट थोडी मऊ. माझ्यासारख्या ऐंशी-पंच्याऐंशी किलोच्या माणसाने ११० ते ११८ पर्यंत जावे. त्याहून रुंद जोडी ज्याच्याकडे आधीच दोन जोड्या आहेत, त्याने घ्यावी. लांबीबद्दल म्हणाल, तर उचललेल्या टोकांच्या स्कीचा सगळा भाग कडक बर्फाला टेकत नाही, त्यामुळे ती नेहमीपेक्षा थोडी लांब घेतली तरी चालते.

आणि विकत घेण्याची घाई का? चांगली नवी जोडी बाइंडिंगसकट लाखाच्या आसपास जाते. वर विमानाचे जादा सामान. गुलमर्गला आता रुंद जोड्या भाड्याने मिळतात, माझ्या वेळची परिस्थिती राहिलेली नाही. बर्फ पडला त्या दिवशी रुंद घ्यावी, चार दिवस ऊन पडले की परत देऊन अरुंद घ्यावी. २०२४ च्या जानेवारीत चिल्लई कलानचे म्हणजे ऐन थंडीचे बहुतेक दिवस गुलमर्ग कोरडे होते. जिथे पांढरे असायचे, तिथे पिवळे गवत दिसत होते. अशा वर्षी लाखाची जोडी खोलीच्या कोपऱ्यात उभी करून काय करायचे?

भाड्याची जोडी घेताना मात्र बघून घ्यावी. लोखंडी धार कुठे उखडलेली नाही ना, थर सुटलेले नाहीत ना. तळावर खोल चिरा असतील तर ती दगडांवरून गेलेली आहे. बाइंडिंगवरचा आकडा वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि आपली तयारी पाहून आपल्यासमोर लावून घ्यावा. 'मी उत्तम करतो' अशी फुशारकी तिथे मारू नये, कारण फुशारकीने बाइंडिंग घट्ट लागते आणि पडल्यावर सुटत नाही. रुंद स्कीला ब्रेकही रुंद लागतो. स्की निघाली की बर्फात रुतून तिला थांबवणाऱ्या त्या दोन दांड्या कमरेपेक्षा किंचित रुंद हव्यात, नाही तर त्या कडेवर अडकतात.

भाचीने हे सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाली, "आणि ती तुमची हरवलेली स्की? तशी माझी हरवली तर?" मी सांगितले, त्याला साधा उपाय आहे. प्रत्येक बाइंडिंगला दीड-दोन मीटर लांब भडक रंगाची फीत बांधायची आणि दुसरे टोक विजारीच्या पायात मोकळे खोचायचे. स्की निघून बर्फात बुडाली, तरी फितीचे टोक वर राहते, ते धरून ओढायचे. परदेशी दुकानांत ही फीत वेष्टनात घालून विकतात. पुढच्या रविवारी ती नाशिकला येणार आहे, तेव्हा आम्ही दोघे मेनरोडला जाऊन नारंगी रंगाची साधी फीत आणणार आहोत, चार मीटरची.